स्वयंपाकघरात आलेलं कुंकू

देवी खरंच आहे का, हा प्रश्न मला कणीक मळताना पडला. परदेशातल्या जॉन्सनव्हिलच्या त्या घरी मी पोरं सांभाळायला गावाहून आले होते. आल्या दिवशीच मालकिणीने माझा पासपोर्ट कपाटात घालून कुलूप लावलं. "हरवशील," म्हणाली. दोन वर्षं मी एकटी फाटकाबाहेर पडले नाही.

तिची थोरली मुलगी शाळेसाठी अमेरिकेतल्या गुलामांवर लिहीत होती. मोडक्या मराठीत मला सांगायची. उजाडायच्या आधी उठायचं, मालकाची बाळं वाढवायची, उरलेलं खायचं, मालकाच्या चिठ्ठीशिवाय बाहेर जायचं नाही. वर चाबूक. आईपासून तोडून विकलेली लेकरं. आणि मालक म्हणायचे, देवाचीच इच्छा आहे, निमूट राबा.

"मावशी, सेम ॲज यू!" पोरगी म्हणाली.

मालकीण हसली. "काहीतरीच! मावशी घरचीच आहे आपल्या."

मला कुणी विकलं नव्हतं, पाठीवर वळ नव्हते. त्या गुलामांचं दुःख फार मोठं. पण त्या 'घरची'ने अंगाची आग झाली. सेवेतच देव असतो, असं मालकीणही मला ऐकवायची. आणि मी दर शुक्रवारी उपास धरून देवीला म्हणायचे, तू ठेवशील तशी राहीन. त्या दिवशी मनात ओरडले, "नाही राहणार! तुला हे दिसत नसेल तर दगड आहेस तू."

नवरात्रात घरी हळदीकुंकू होतं. कामाला बाई आणलीय हे लपवायला मालकीण मला यजमानांची आत्या म्हणून सांगायची. हॅमिल्टनहून आलेल्या एक बाई ताडकन उठल्या. "थोरल्या आत्याबाई आत राबतायत आणि आधी मला कुंकू? नाही हं चालायचं!" मालकीण अडवेपर्यंत त्या करंडा घेऊन स्वयंपाकघरात आल्या. मला कुंकू लावून पाया पडायला वाकल्या. मी पाय मागे घेतले.

"नको बाई. मी कुणाची आत्या नाही. मी इथं कामाला आहे."

त्यांनी माझे फुटलेले हात पाहिले. हळूच विचारलं, "पासपोर्ट कुठाय तुमचा?"

"त्यांच्या कपाटात."

"मागितलात?"

"हसतात."

"घरी जायचंय?"

मी मान डोलावली.

"सोमवारी येते. एकटी नाही येणार."

आल्या. सोबत पोलीसबाई होती. मालकीण "आम्ही हिला अगदी घरच्यासारखं" म्हणत राहिली. पोलीसबाईने नुसता हात पुढे धरला. पासपोर्ट माझ्या हातात आला.

कुंकू लावायला त्या आपल्या मनाने उठल्या की कुणी उठवलं, यावर मी वाद घालत नाही. गावी आल्यावर देवीपुढे डोकं टेकलं. शरण तिला जायचं, तिचं नाव घेऊन राबवणाऱ्यांना नाही, एवढं मला कळलं. राग अजून जात नाही. तोही तिच्या पायाशी ठेवून पाहिला. तिने घेतला नाही, माझ्याकडेच राहू दिला. हेही तिचे उपकारच.