अज्जींचा डोळा आणि माझी कानडी कार्डं

तुमचे आई-बाबा लग्नानंतर परदेशी गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी तुमच्या अज्जी आमच्याकडे कोल्हापूरला राहायला आल्या. अज्जी म्हणजे तुमच्या आईची आई. तुम्ही त्यांना फोटोतच जास्त पाहिलंय, म्हणून आधी एवढं सांगते: उंच बांधा, गडद हिरवी इरकल साडी, आणि आवाज असा की परसात बोलल्या तरी पुढच्या खोलीत ऐकू यावं. गाव गोकाकच्या पलीकडचं. एक डोळा लहानपणीच ज्वारीचं धाट लागून गेलेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन कोल्हापुरात करायचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी तपासलं तर साखर फार वाढलेली. ते म्हणाले, "आधी साखर खाली आणा. तीन आठवडे पथ्य, मग बघू. एकच डोळा आहे, त्याच्याशी खेळ नको."

त्या रविवारी तुमच्या आईचा फोन आला. अज्जींना ती अव्वा म्हणते. "आई, अव्वाला डोळा झाल्याशिवाय गावी जाऊ देऊ नका. एकदा गेली की ती परत यायची नाही. म्हशी आहेत, शेत आहे, कुणाचं तरी लग्न निघेल. आणि तेवढ्यात दिसायचं बंद होईल."

"नाही जाऊ देणार," मी म्हणाले.

म्हणायला काय जातंय. तुमची आई कोल्हापूरच्या वसतिगृहात राहून शिकली, त्यामुळे तिचं मराठी आपल्यासारखंच. अज्जींना मात्र 'बरं' आणि 'बास' यापलीकडे मराठी येत नव्हतं, आणि मला कानडीचं अक्षर ठाऊक नव्हतं. दोघी समोरासमोर बसून एकमेकींकडे बघून हसायचो. दुसऱ्या दिवशी गाल दुखायला लागले.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेली. एखादी गोष्ट येत नसली की तिची कार्डं करायची, हा माझा स्वभाव. मंडईजवळच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. तिथे मराठीतून कानडी शिकवणारं एक पातळसं पुस्तक होतं आणि इंग्रजीतून शिकवणारं एक जाडजूड. मी इंग्रजीचं घेतलं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. भाषा शिकायची म्हणजे इंग्रजीसारखी शिकायची, असंच माझ्या डोक्यात बसलेलं होतं, कारण मी आयुष्यात शिकलेली भाषा ती एकच. मराठी मी शिकले नव्हते. ती होतीच.

ग्रंथालयातली कोरी कार्डं घरात शिल्लक होती. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला कानडी. चार दिवसांत दीडएकशे कार्डं झाली. बुटाच्या खोक्यात अक्षरवार लावून ठेवली आणि रोज सकाळी पोळ्या लाटता लाटता घोकायला लागले.

अडचण अशी व्हायची की ऐन वेळी कानडी शब्द आठवला नाही, तर त्याच्या जागी मराठी शब्द येत नसे, इंग्रजी येत असे. अज्जी आत आल्या की मी घाईघाईने "सिट, सिट" म्हणायची. 'बसा' म्हटलं असतं तर त्यांना एक वेळ कळलंही असतं. आणि एक कबुली देते. तुपाच्या कार्डावर मी डावीकडे इंग्रजी शब्द लिहिला होता आणि उजवीकडे 'तुप्प'. तो शब्द मी दोन दिवस पाठ करत होते. समोर तुपाची वाटी.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी चंदगडकडच्या. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. कानडी त्यांनाही येत नव्हती, पण आठवड्याभरात त्या अज्जींशी गप्पा मारायला लागल्या. कशा, ते मी स्वयंपाकघरातून ऐकायची. सगळं वाक्य मराठी, त्यातले दोन शब्द कानडी, उरलेलं हातवारे. मग तीन शब्द कानडी. मग चार. अज्जी चुका सुधारायच्या, मावशी हसायच्या.

"मावशी, तुम्ही एवढ्या पटकन कशा शिकलात हो?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्यात, बाई? आपलंच बोलायचं की. सूर तर आपल्यासारखाच हाय. एकेक शब्द तेवढा बदलायचा." मग माझ्या खोक्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही लई लांबनं फिरून येताय."

मला थोडा राग आला. माझी वाक्यं शुद्ध होती. मी अज्जींना पाणी विचारताना 'दयविट्टु' म्हणजे 'कृपया' लावत होते. त्यांनी ताटली पुढे सरकवली तरी 'धन्यवादगळु' म्हणत होते. त्या भाजी निवडायला हात पुढे करायच्या, तेव्हा मी ती काढून घेऊन, कृपया तुम्ही तसदी घेऊ नका, अशा अर्थाचं पाठ केलेलं वाक्य म्हणायची. तुमचे आजोबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "तू त्यांच्याशी बोलतेस की त्यांना पत्र लिहितेस?"

दोन आठवडे असे गेले. साखर खाली येत होती. अज्जी मात्र गप्प होत चालल्या होत्या. माझ्याशी त्या आता हसतही नव्हत्या. मला वाटलं, गोड बंद केल्यामुळे असेल.

एका दुपारी मावशी भांडी पालथी घालता घालता म्हणाल्या, "अज्जी उद्या सकाळच्या गाडीनं गावी जातो म्हणत्यात."

माझ्या हातातलं कार्ड तसंच राहिलं. "का? काय झालं?"

"तुम्ही त्यास्नी ठिवून घ्यायला कट्टाळलाय, असं त्या म्हणत्यात."

"मी? मी कधी असं म्हटलं? मी तर उठता-बसता त्यांचे आभार मानतेय."

"त्येच तर." मावशींनी हात पुसले आणि समोर उभ्या राहिल्या. "बाई, सभेत आभार कवा मानत्यात?"

"शेवटी."

"आणि आभार झालं की माणसं काय करत्यात?"

"उठून घरी जातात."

"मग? तुम्ही त्यास्नी दिवसातनं धा वेळा आभार मानताय. त्यास्नी वाटतंय, आता उठायला पायजे. आणि कामाला हात लावू देत न्हाय. पावण्यालाच कामाला हात लावू देत न्हाय की आपण. ल्येकीच्या घरी पावणं म्हणून किती दिवस राहायचं?"

मी तिथेच पाटावर बसले. आपल्या घरात कोण कुणाचे आभार मानतं? माझ्या आईला मी जन्मात 'आभारी आहे' म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर ती घाबरून विचारती, बरं आहे ना गं तुला? मावशींनाही मी कधी म्हटलं नव्हतं, धाकट्या बहिणीलाही नाही. मग अज्जींनाच का?

संध्याकाळभर विचार केला, तेव्हा उलगडलं. आमच्या इंग्रजी शाळेत मुख्याध्यापिका दारात उभ्या राहायच्या. 'प्लीज' आणि 'थँक यू' लावल्याशिवाय खडूसुद्धा मिळत नसे. ती सवय मला इंग्रजीबरोबर लागली आणि इंग्रजीपुरतीच राहिली. मराठी बोलताना मी ती कधी वापरली नाही. पण कानडी आली ती शिकलेली भाषा म्हणून, आणि मी तिला नेऊन बसवलं इंग्रजीच्या शेजारी. तिथे तिने इंग्रजीचे सगळे शिष्टाचार उचलले. ती बिचारी खरं तर आपल्या मराठीच्या शेजारघरची. तूप-तुप्प, किल्ली-कीली, खुर्ची-कुर्ची. घराबाहेर पाऊल टाकलं की पोचावं, इतकी जवळ. मी लंडनवरून निघाले होते.

सकाळी सहाला अज्जी आंघोळ करून, पिशवी भरून, चपला घालून पायरीवर बसलेल्या. तुमचे आजोबा रिक्षा आणायला जायचं टाळत आतबाहेर करत होते. माझ्या मनात पुस्तकातलं वाक्य तयार होऊ लागलं, आपण कृपया काही दिवस आणखी थांबावं. ते मी अर्ध्यात सोडलं. माझी सख्खी बहीण अशी रुसून पायरीवर बसली असती, तर मी काय केलं असतं? मी आत गेले, मेथीच्या दोन जुड्या आणि सूप आणलं, आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"इद माड," मी म्हणाले. हे कर.

अज्जींनी मान वर केली.

"होगब्याड," मी म्हणाले. जाऊ नको. मग पुढचं कानडीत येईना, तर बेधडक मराठीत बोलले. "डोळा झाल्याशिवाय कुठं निघालीस? लेकीला मी काय सांगू? चपला काढ आधी."

'तू' तोंडातून गेलं तेव्हा मीच दचकले. विहिणीला अरे-तुरे, म्हणजे आपल्याकडे मानपानाचं केवढं प्रकरण. तुमचे आजोबा तर खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले.

अज्जींनी जुडी हातात घेतली, बोटांनी चाचपली, आणि तिचा दोरा सोडला. मग कानडीत मला काहीतरी विचारलं. त्यातला पहिलाच शब्द 'नी' होता, तू. इतके दिवस त्या मला 'नीवु' म्हणजे तुम्ही म्हणत होत्या. बाकीचं वाक्य मला कार्डांशिवाय कळलं: तू काय करणार, मी मेथी निवडेपर्यंत?

मी म्हटलं, "चा." चहा. त्या दिवशी निम्मी मेथी देठांसकट शिजली, कारण त्यांना दिसत नव्हतं आणि मी तपासायला गेले नाही.

पुढच्या आठवड्यात साखर आटोक्यात आली आणि ऑपरेशन झालं. तोवर भाकरी त्याच थापत होत्या. मी भाजीला फोडणी देत असले की मागून ओरडायच्या, तेल किती घालतेस. हे सगळं मला कळायचं. मी मराठीत उलट बोलायची, ते त्यांना कळायचं.

पट्टी काढायला मी आणि मावशी बरोबर गेलो. डॉक्टरांनी बोटं दाखवली, अज्जींनी बरोबर मोजली. मग त्या माझ्याकडे वळल्या. लग्नातसुद्धा मी त्यांना धुरकटच दिसले होते, त्यामुळे ही तशी पहिलीच भेट. बराच वेळ मला न्याहाळून त्या मावशींना काही म्हणाल्या. मावशी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"सांगा की," मी म्हटलं.

"त्या म्हणत्यात, आवाजावरनं वाटलं हुतं त्यापेक्षा तुम्ही लई म्हाताऱ्या दिसताय."

"नीनू," मी अज्जींना म्हणाले. तूपण.

डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितली होती. अज्जी दोन महिने राहिल्या.