मालकांच्या हातचा हार

हातकणंगल्याकडच्या एका इंजिनिअर मुलीमुळे मी आज कोल्हापुरात कामाला आहे. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगताना तोंड कडू होतं, आणि कडू तोंडानं उपकार नीट सांगता येत नाहीत.

मी परभणीकडचा. नववीत शाळा सुटली. इथे एमआयडीसीत कास्टिंगचं, म्हणजे ओतीव लोखंडी भागांचं, मशिनिंग करणाऱ्या कारखान्यात ऑपरेटर आहे. नवं मशीन आलं तेव्हा ते बनवणाऱ्या कंपनीकडून ही मुलगी आली. पट्ट्यावरून कास्टिंग येतं, टोकाला सेन्सर असतो. त्याला कास्टिंग दिसलं की वरून यांत्रिक हात उतरतो आणि उचलतो. हाताला हुकूम देणारा प्रोग्राम तिचा. तिच्या लॅपटॉपमध्ये हुबेहूब तेच मशीन होतं. प्रोग्राम आधी त्यावर चालवायचा, चुका तिथंच काढायच्या. मला शेजारी बसवून दाखवायची. म्हणायची, "हितं कितीबी आपटू दे दादा, कुणाचं बोट जात न्हाय."

खंडेनवमीला सगळ्या मशिनांना हार पडले. नव्या मशिनाचा मान मालकांचा. त्यांनी स्वतःच्या हातानं झेंडूचा घसघशीत हार बांधला. मालकांनी बांधलेला हार कोण सोडणार? वाळून आपोआप पडेपर्यंत तो तसाच राहतो.

दसरा झाला, काम सुरू झालं आणि यांत्रिक हात वेळेआधीच खाली आला. कास्टिंग अजून वाटेतच होतं. त्यावर आपटून पंजा वाकला. मी तेव्हा लांब, ट्रॉली लावत होतो.

सुपरवायझर ओरडतच आला. "पावणं, बटण दाबलासा न्हवं?"

"नाही साहेब, हात बी लावला नाही."

"मग काय भूत शिरलंय व्हय मशिनात?"

सगळे हसले. बायको-लेकराला नुकतंच इकडं आणलं होतं, पोराचं नाव इथल्या शाळेत घातलं होतं. काम सुटलं तर सगळं परत गुंडाळावं लागणार होतं.

त्या मुलीला बोलावलं. मालकांसमोर तिनं लॅपटॉपमधल्या मशिनावर प्रोग्राम चालवला. परत चालवला. तिथला हात दर वेळी अगदी बरोबर उतरला.

"बघा की," सुपरवायझर म्हणाला, "कंप्युटर कशाला खोटं बोलंल? ह्यानंच दाबलंय."

"उद्यापासनं येऊ नगोस," मालक मला म्हणाले, आणि सगळे जेवायला गेले.

ती गेली नाही. खऱ्या मशिनापुढं नुसती उभी राहिली. वर पंखा चालू होता. हाराचं टोक झुलत सेन्सरपुढं यायचं, आणि आलं की सेन्सरचा दिवा लागायचा. "दादा, बघितलासा?" ती म्हणाली. मग तिनं लॅपटॉपमधल्या सेन्सरपुढंही तसाच अडथळा घातला. तिथला हात धाडकन खाली आला.

मालक जेवून आल्यावर तिनं हे दाखवलं. सगळे मालकांकडं बघू लागले. शेवटी सुपरवायझर म्हणाला, "म्हंजे मालकांनी घातलेल्या हाराला दोष लावताय व्हय, मॅडम?"

"मालक, दिवा मी बी बघितला..." मी म्हणालो.

"तू गप रे," मालक म्हणाले.

कुणाची तरी चूक निघाल्याशिवाय तिथून कुणी हलणार नव्हतं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, "हाराची न्हाय, मालकांचीबी न्हाय. चूक माझी हाय. एकट्या सेन्सरवर भरवसा ठेवला. लॅपटॉपमधल्या मशिनाला हार घालून बघितलाच न्हाय मी."

"आसं सांग की मग!" मालक मोकळे हसले.

हार तसाच राहिला, सेन्सर सरकवला. माझं काम राहिलं. माझी माफी कुणी मागितली नाही, सुपरवायझर अजून मला भूतवालं पावणं म्हणतो. आणि मालकांनी तिच्या कंपनीला फोन करून सांगितलं की ही मुलगी पुन्हा पाठवू नका. कंपनीनं तिला ठेवलंच नाही.

मध्ये मी तिला फोन केला. "घरीच हाय सध्या," ती म्हणाली. "सोताचंच कायतरी सुरू करावं म्हणतो." इथल्या मुली असंच 'म्हणतो' म्हणतात. आवाज हसरा होता, पण मला काही ते हसू वाटलं नाही.

माझ्यासारखा नववीवाला तिला काय देणार? पण तिनं काम सुरू केलं की तिचं पहिलं मशीन मी रजा टाकून चालवून दाखवीन. तिच्या कामावर कुणी बोट ठेवलं तर त्या दिवशी काय झालं ते सगळ्यांदेखत सांगीन, मग कुणी कितीही गप म्हणो. कधी ते माहीत नाही, पण हे उपकार मी फेडणार.