मयेकर डायवरांनी पाहिलेली खाडी

जेवणं आटपून द्वारकाबाई पडवीत चटईवर कलंडतात. झोपायचं नसतंच त्यांना, "जरा पाठ टेकते" एवढंच. पलीकडच्या वाडीत भाताची गिरण चालू आहे, धडधड, धडधड. डोळा लागतो न लागतो तोच त्या धडधडीखालून पाण्याची चुळुकचुळुक ऐकू येते आणि चटई हळूच एका अंगाला कलते. पडवीच्या खांबाला कुणीतरी दोर बांधला आहे. दोराच्या पलीकडे अंगण नाही, खाडी आहे, भरतीनं तुडुंब भरलेली.

"अगो, सरक की जरा. दोघांचा बाक आहे हा."

लाँचच्या बाकावर यजमान बसलेत. जनार्दन मयेकर, तीन वर्षांमागे गेलेले. अंगात पांढरा, स्वच्छ सदरा. स्वच्छ! द्वारकाबाईंना आधी त्याचंच नवल वाटतं.

"तुम्ही वर कसे?"

मेलेल्या माणसाला विचारायचा हा प्रश्न आहे का, सांगा बघू! पण त्यांना तोच सुचतो. मयेकर या लाँचचे डायवर. एकतीस वर्षं खाडीत वरखाली केलं, पण ते फळ्यांखाली, इंजिनापाशी घामाघूम होत. वरून सुकाणूवरच्या सारंगानं एक घंटी मारली की पुढे, दोन मारल्या की मागे. खाडीचा काठ म्हणून माणसानं पाहिला नाही. लग्नाचं वऱ्हाड याच लाँचनं आलं, तेव्हासुद्धा नवरी वर बाकावर आणि नवरदेव मुंडावळ्या सावरत खाली इंजिनाशी, कारण बदलीचा डायवर ऐन वेळी तापानं फणफणला. वऱ्हाडातल्या बायका खिदळत म्हणाल्या होत्या, "पोरी, नवरा आवाजावरून ओळखून घे गो!"

निवृत्त झालो की दोघं वर बसून आरामात जाऊ, पार खाडीच्या मुखापर्यंत, असं मयेकर नेहमी म्हणायचे. मग पूल झाला, लाँच बंद पडली आणि जायचं राहूनच गेलं.

द्वारकाबाईंना खरं तर विचारायचंय दुसरंच. शेवटच्या सकाळी मयेकर बाजाराला निघाले आणि उंबऱ्यातून चारदा मागे आले. पिशवी विसरली, चष्मा विसरला, छत्री विसरली, चौथ्यांदा काय ते आता आठवतही नाही. कढईत फोडणी करपत होती. द्वारकाबाई ओरडल्या, "अहो, जा एकदाचे!" आणि ते गेले. मासळीबाजारात पडले ते पडलेच. आपल्याकडे निघालेला माणूस "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, आणि घरचं माणूस "या" म्हणतं. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी ते न चुकता म्हटलं आणि नेमकं त्या दिवशी जिभेला हाड राहिलं नाही. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितलेली नाही. घशात माशाचा काटा अडकावा तशी ती तीन वर्षं बसून आहे.

"आज मला रजा," मयेकर म्हणतात. "दाखव बघू, काठाला काय काय आहे ते."

मग काय, द्वारकाबाई बोट दाखवत सुटतात. ती माडांची रांग. ती वर सड्याच्या कातळावरची शाळा. तो खडक, त्याच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात.

"हां! म्हणजे सारंग ज्याच्यापाशी दोन घंट्या मारायचा तो खडक हा होय! मी मेला त्याला डोंगराएवढा समजत होतो."

"इश्श! एवढासा तर आहे."

लाँच वळण घेते आणि काठावर त्यांचंच स्वयंपाकघर येतं, भिंतीशिवाय. चुलीपाशी पंचविशीतली द्वारका बसली आहे, फुंकणीनं जाळ फुंकते आहे, गाल लाल झालेत. लाँच इतक्या जवळून जाते की धूर डोळ्यांत जातो.

"सुंदर होतीस हो," मयेकर म्हणतात. "मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही सांगायचं होतं!"

"घरी यायचो तेव्हा कानात इंजिन आणि डोळ्यांत झोप. पण बरं केलंस गो माझं. शेवटपर्यंत बरं केलंस."

द्वारकाबाईंना एकदम भरून येतं. या माणसानं जन्मभर काजळी खाल्ली आणि घरात कधी आवाज चढवला नाही. "तुम्हीही माझं बरंच केलंत," त्या म्हणतात, आणि आता बोलल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण समोर मासळीबाजार दिसायला लागला आहे. टोपल्यांच्या ओळींमधून पाणी वाहतंय आणि लाँच त्यातूनच आत शिरते आहे.

"अहो, त्या दिवशी मी तुम्हाला 'जा एकदाचे' म्हटलं."

"कधी?"

"निघताना. चौथ्यांदा आलात तेव्हा."

मयेकर डोकं खाजवतात. "छे गो. तू 'चहा' म्हणालीस. म्हटलं, आल्यावर चहा आहे. खुशीत गेलो की मी."

"चहा?"

"एकतीस वर्षं इंजिनाशी बसलेल्या माणसाला 'जा' आणि 'चहा' यांत काय कळणार? माझ्याशी बोलायचं तर घंटी मारायची!"

खरं सांगताहेत की समजूत काढताहेत, देव जाणे. या माणसाला सोयीचं तेवढं नेमकं ऐकू यायचं, हेही त्यांना ठाऊक आहे. पण हसू फुटतं ते फुटतंच, रडता रडता.

लाँच टेकते. उतरायला धक्का नाहीच, नुसता चिखल. मयेकर धोतर खोचून उतरतात. द्वारकाबाईही उजवा पाय खाली टाकतात, तो घोट्यापर्यंत रुततो.

"तू नाही. तुझं बंदर पुढे आहे. चढ वर."

त्या पाय ओढून घेतात. मयेकर पिशवी काखेत मारतात, दोन पावलं जातात आणि वळतात. या खेपेला काही विसरलेले नाहीत.

"येतो गं."

"या," द्वारकाबाई म्हणतात. मोठ्यानं, दोन्ही हातांचा कर्णा करून म्हणतात, ऐकू जावं म्हणून. "या हं, सावकाश या!"

गिरण थांबते. पडवीत ऊन आलं आहे. सून रेवती चहा घेऊन दारात उभी राहिली आहे आणि त्यांच्या पायांकडे बघते आहे. डावा पाय कोरडा. उजव्याला घोट्यापर्यंत काळा, ओला खाडीचा चिखल.

"आई, हे काय? कुठे गेला होतात?"

"यांना पोचवायला," द्वारकाबाई म्हणतात. "तिरडी उठली त्या दिवशी लोकांनी आम्हा बायकांना उंबऱ्याच्या पुढे येऊ दिलं नाही ना."