ग्रीनहाऊसचं कापड

कापडातलं मला सगळं कळतं. प्लास्टिक हे कापड नसतं, एवढंच काय ते कळायचं राहून गेलं होतं.

पंचाहत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. सोलापुरात आमचं कापडाचं दुकान. वडील, म्हणजे आप्पा, गादीवर. मी गज घेऊन मोजायला. आणि धाकटा भाऊ वसंता गिऱ्हाईक घालवायला! एका बाईला त्यानं तोंडावर सांगितलं होतं, "मावशी, ह्याचा रंग जातोय, घेऊ नका." (असला सत्यवान कापडवाल्याच्या घरी जन्माला यावा, हे आमचं नशीब.) एक दिवस त्यानं जाहीर केलं, की अक्कलकोट रस्त्याला आपली जमीन पडून आहे तिथं मी रोपं तयार करून विकणार. आणि त्यासाठी ग्रीनहाऊस बांधणार.

"म्हंजी काय?" आप्पांनी विचारलं.

"प्लास्टिकचं घर, आप्पा. थंडीत आत ऊब राहते. टोमॅटोची रोपं लौकर येत्यात."

"सोलापुरात ऊब पाहिजे म्हणून घर बांधणारा पयला माणूस माज्याच पोटी यायचा हुता व्हय!"

पण वसंता हटेना. शेवटी आप्पांनी निकाल दिला. एक हिवाळा मिळेल. रोपं विकली गेली तर मळा त्याचा. नाही गेली तर गुमान दुकानात येऊन बसायचं आणि जन्मभर कुठल्याही बाईला खरं सांगायचं नाही. वसंताचा चेहरा फासावर जाणाऱ्यासारखा झाला, पण तो कबूल झाला. टेंभुर्णीचे एक बागायतदार रोपं बघायला येणार, हेही त्यानं पक्कं करून टाकलं.

बांबू उभे राहिले, वाफे झाले, बी पडलं, आणि अकलूजहून सांगावा आला, की माहेरी गेलेल्या त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत आणि तब्येत बिघडली आहे. पहिलटकरीण! वसंता जीव मुठीत धरून धावला. जाता जाता माझ्या हातात चिठ्ठी कोंबून म्हणाला, "अण्णा, प्लास्टिक तेवढं आणून घाल की. तुज्या भरवशावर चाललोय."

चिठ्ठीत लिहिलं होतं : पारदर्शक प्लास्टिक. पातळ चालेल.

चालेल! आमच्या घराण्यात पातळ चालत नाही. (बायका नेसतात ते पातळ सोडून.) आणि पारदर्शक म्हणजे काय हो? ज्यातून पलीकडचं दिसतं ते. असल्या मालाला आम्ही विरळ म्हणतो आणि तो खपत नाही तेव्हा जावयांच्या आहेरात घालतो. वसंताला काय कळतंय! मी आप्पांना बरोबर घेतलं आणि प्लास्टिकवाल्या बाबूभाईंच्या दुकानात गेलो.

बाबूभाईंनी काचेसारखं, आरपार दिसणारं प्लास्टिक उलगडलं. "खेती के वास्ते सब येइच ले जाते."

मी आत हात घातला. पाची बोटं दिसली! मी आप्पांकडे बघितलं, आप्पांनी माझ्याकडे बघितलं. पडेल माल गळ्यात मारायची ही नजर आम्हाला चांगली ठाऊक होती. आमच्या घरात दोन पिढ्या तीच तर वापरतात.

"दुसरं दाखवा. घट्ट पोताचं," मी म्हणालो.

शेवटी एक काळंकुट्ट, जाड ताव निघाला. उजेडाकडे धरला, तर उजेडाचा ठिपकासुद्धा दिसेना. वा! याला म्हणतात वीण! आप्पांनी चिमटीत चोळला, नाकाला लावला, ओढून बघितला. मग खिशातून काडेपेटी काढली. अस्सल सूत जळलं की राख होते, नकली असलं की गोळी होते, ही आमची पिढीजात परीक्षा. आप्पांनी कोपऱ्याला काडी लावली.

"अजी, पिलास्टिक है ये!" बाबूभाई ओरडले. "आग कायकू लगातें जी?"

एक जळता थेंब आप्पांच्या धोतरावर पडला आणि धोतराला भोक पडलं. धोतर मात्र अस्सल सुती निघालं.

"काळं ऊन ओढतंय," मी शास्त्र सांगितलं. "ऊबच पायजे न्हवं आपल्याला?" बाबूभाईंनी कपाळाला हात लावला आणि ताव गुंडाळून दिला.

घरी आणल्यावर आप्पांनी तो बादलीत भिजत घातला. आटतो का बघायला! सकाळी दोरीवर वाळवून गजानं पुन्हा मोजला. एक बोटसुद्धा कमी झाला नव्हता, आणि बादलीत रंग उतरला नव्हता. आप्पांचे डोळे भरून आले. "असला माल उभ्या जन्मात बगितला न्हाय रं," ते म्हणाले.

छप्पर चढलं. आत भरदुपारी बॅटरी घेऊन जावं लागे. पण आठवड्यात कोंब वर आले, आणि काय त्यांची वाढ! पंधरा दिवसांत रोपं बोटाएवढी झाली. मी वसंताला पत्र टाकलं : रोपं जोमात, काळजी नसावी. तिकडून उत्तर आलं : मुलगी झाली, दोघी सुखरूप, बागायतदार सोमवारी येणार, मीही येतो.

रविवारी कौतुकानं बायकोला दाखवायला नेलं. बॅटरी मारली. शांतानं एकदा रोपांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"अवो, ही पांढरी कशानं?"

"बॅटरीच्या उजेडानं."

"कशाचा उजेड न् काय! मटकीला मोड आणायला फडक्यात बांधून ठेवतो, तसं केलंय की ह्ये. रोपं न्हवंत ही. उसळ हाय उसळ!"

बायकांना शेतीतलं काय कळतं, असं म्हणून मी तिला घरी पाठवलं.

सोमवारी बागायतदार आले. मागोमाग स्टँडवरून थेट वसंता आला, हातात पेढ्यांचा पुडा. छप्पर बघून तो जागच्या जागी थांबला. मी दिमाखात ताव ओढून काढला, आणि सोलापूरच्या उन्हानं पहिल्यांदा आत डोकावलं. पांढरीफटक रोपं अर्धी घटका उभी राहिली, मग एकेक करून मान टाकत बागायतदारांच्या पायाशी लोटांगण घालू लागली.

"रोपं कुटं हायत?" बागायतदारांनी विचारलं.

वसंता वाफ्याच्या कडेला मटकन बसला. "अण्णा," एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पेढ्यांचा पुडा त्यानं तसाच मांडीवर धरला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचा मळा गेला, तोही माझ्या हुशारीनं.

मग मी सगळं सांगून टाकलं : चिठ्ठी, काडेपेटी, बादली. बादलीपाशी बागायतदारांना असं हसू फुटलं, की तेही बांधावर बसले. डोळे पुसत वसंताला म्हणाले, "पुन्यांदा बी टाका. मी म्हैन्यानं येतो. पण ह्यास्नी लांब ठेवा."

घरी मी मान खाली घालून आप्पांपुढे उभा राहिलो. "आप्पा, चूक माझी. हिवाळा अजून संपला न्हाय. वसंताला दुकानात बशिवू नका."

"त्येला कोण बशिवतंय?" आप्पा म्हणाले. (काडी कोणी लावली, हे ते सोयीनं विसरले होते.) "ज्याला मालातलं कळतंय, त्यानं मालापाशी ऱ्हावं. दुकानातनं तू ऊठ. रोपं इकली जाईस्तवर मळ्यावर पाणी तू घालायचं."

वसंतानं नवं प्लास्टिक आणलं, बाबूभाईंनी आम्हाला पहिल्यांदा दाखवलेलंच. रोपं हिरवीगार आली, विकलीही गेली. पण तो महिनाभर अक्कलकोट रस्त्यानं जाणारं आमचं गिऱ्हाईक टांगा थांबवून आत बघायचं आणि झारी घेऊन ओणवा झालेल्या मला हात करायचं. मला तोंड लपवायला जागा नव्हती, कारण त्या पातळ, विरळ, हलक्या मालातून पलीकडचं अगदी स्पष्ट दिसत होतं!