खंडेनवमीचा बंपर

आमच्या ह्यांना लग्नाआधीपासूनची एक खोड आहे. बाजारात सरळ मिळणारी वस्तू घरी करून बघायची. नाशिकला असताना त्यांनी घरी कूलर बनवला होता. तो लावला की शेजारीण विचारायची, वहिनी, गिरणी टाकली का? कतारमध्ये दोह्याला आल्यावर मला वाटलं, गॅस प्लँटची नोकरी, पहाटेची बस, माणूस दमून गप्प बसेल. कसचं काय! ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत एका व्हिलाचा खालचा भाग आम्ही भाड्याने घेतला. त्याला पुढे बोळाएवढं अंगण आणि वर पत्रा. ते अंगण बघून ह्यांचा चेहरा असा काही खुलला की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मग एक जुनी फोर-बाय-फोर गाडी आली. तिचा पुढचा बंपर फुटका. नवा मागवला असता, पण तो इथल्या हमद पोर्टला कधी उतरेल ते देवाला ठाऊक, आणि आला तरी सगळ्यांच्या गाड्यांना असतो तसाच येणार. ह्यांना हवा होता तो त्यांनी स्वतः कागदावर काढलेला, खालून उचललेला, वाळूच्या टेकाडाला नाक घासणार नाही असा. "घरीच करू फायबरचा," हे म्हणाले, जणू थालीपीठ लावायचं होतं.

फायबरचं काम ज्या बाईच्या अंगणात झालं नाही तिला त्याचा ताप कळायचा नाही. आधी फोम कोरून बंपरचा आकार करायचा, त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. त्या आकारावरून साचा काढायचा. मग साच्याच्या आत काचेच्या धाग्यांचं कापड अंथरून त्यावर रेझिनचा चिकट रस लावत जायचा. वास असा की बादलीभर नेलपॉलिश उपडी केली आहे. कापडाचे तुकडे कपड्यांत शिरायचे आणि अंगाला खाज. ह्यांचे कपडे मी वेगळे धुवायचे, तरी माझे हात खाजायचेच. वरच्या मजल्यावर एक मल्याळी गृहस्थ राहतात. ते रोज जिन्यावरून नाक धरून उतरायचे आणि रोज येऊन काम किती झालं ते बघायचे.

आणि ह्यांचे नियम! रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचा, तर नाशिकपेक्षा कमी, कारण इथल्या उकाड्यात रेझिन धुमसतं आणि भांड्यातच त्याचा दगड होतो. साच्याला आधी मेण घासायचं, मग त्यावर एक पातळ औषध पुसायचं. ते वाळलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखी साय धरते. त्या सायीमुळे आतली वस्तू साच्याला चिकटत नाही, सुटून येते. त्या सायीला पाण्याचा थेंबही चालत नाही, लगेच विरघळते. चाकावरचा छोटा भाग करताना मी वर दोरीवर ओल्या चादरी टाकल्या होत्या, तर हे एवढे ओरडले की मल्याळी गृहस्थ खाली धावत आले.

बंपरचा साचा तयार झाला आणि ह्यांना झटका आला. सकाळी चहा मागायला तोंड उघडलं आणि शब्दच येईना. उजवा हात टेबलावर पडून राहिला, त्यांचा नसल्यासारखा. हॉस्पिटल, सलाइन, मशीन. मेंदूत रक्ताची छोटी गाठ अडकली होती, वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. मुलगी पुण्याला शिकते, ती फोनवर रडत होती आणि मी तिला सांगत होते, बरे आहेत ग, बरे आहेत.

आणि खरंच बरे झाले. बोलणं आलं, हात आला. डॉक्टरांनी महिन्यांची नावं उलटी म्हणायला लावली, हे घडाघडा म्हणाले. कामावर जायला हरकत नाही, असा निर्वाळा मिळाला. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

पण त्या साखरेचा डबा हे फ्रीजमध्ये ठेवायला लागले. एकदा मॉलबाहेर गाडी कुठे लावली ते सापडेना, उन्हात आम्ही वेड्यासारखे फिरलो. एकदा मला सकाळी जेवढं सांगितलं तेवढंच दुपारी पुन्हा सांगितलं, त्याच हसण्यासकट. कोण विसरत नाही? मीही विसरते. असं मी स्वतःला समजावत होते. काही आठवण करून दिली की हे भडकायचे. "मी वेडा झालेलो नाही," म्हणायचे, आणि मग दिवसभर अबोला. त्यामुळे मी आठवण करून देणंच सोडलं.

पण भीती काही सुटली नाही. कारण ह्यांचं काम साधं नाही. प्लँटमध्ये कुठलाही पाइप उघडायच्या आधी वॉल्व्ह बंद आहे, आतला गॅस काढून टाकला आहे, हे स्वतः जाऊन बघायचं आणि परमिटवर सही करायची. ती सही बघून माणसं पाना घेऊन पाइपाशी जातात. आपला साहेब विसरेल असं त्यांच्या स्वप्नातही येत नाही.

"बंपर साच्यातून निघाला की त्या रविवारी कामावर," ह्यांनी जाहीर केलं. मी मनातल्या मनात ती पैजच धरून बसले. इतक्या दिवसांचं, इतक्या पायऱ्यांचं काम ह्यांनी नीट पुरं केलं, तर हे बरे आहेत. मला तसंच हवं होतं. आपल्या माणसाबद्दल शंका घेऊन जगणं किती हलकट वाटतं, ते कुणाला सांगू?

अष्टमीला ह्यांनी साच्याला मेण घासलं, औषध पुसलं. हात सुरेख चालत होता. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. करवत, ग्राइंडर, ब्रश, पकडी, सगळं पाटावर मांडलं. पूजेला लावलेल्या हत्याराला दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही, हा सासऱ्यांच्या वेळचा नेम हे इथेही पाळतात. पाटावरची पूजा झाली आणि हे म्हणाले, "साचाही हत्यारच की." मी ताम्हण धरून मागे. ह्यांनी फुलाने साच्यावर पाणी शिंपडलं, बोटाने ठिकठिकाणी गंध लावलं, हळदकुंकू, अक्षता, झेंडू वाहिले.

"अहो," मी म्हटलं, "पाणी चालतं का त्यावर?"

"न चालायला काय झालं?" म्हणाले, आणि निरांजन ओवाळलं.

त्यांना माहीत असणार, काहीतरी वेगळं औषध असणार, आपल्याला काय कळतं, असं स्वतःला बजावत मी ताम्हण आत नेलं. दसऱ्याला उत्तरपूजा करून ह्यांनी झेंडू काढले आणि ओल्या फडक्याने कुंकू पुसलं. मग मन लावून काम केलं. आधी बंपरचा बाहेरून दिसणारा काळा थर, मग काचेचं कापड, रेझिन, रोलर. हार्डनरचं माप अचूक. मी कात्रीने कापड कापून देत होते आणि प्रत्येक बरोबर पायरीला जीव भांड्यात पडत होता.

दुसऱ्या दिवशी साचा उघडायला घेतला. कडेने लाकडी पाचरी ठोकल्या. दोन्ही टोकं सुटली, मधला भाग हलेना. मल्याळी गृहस्थ आले, त्यांनी रबरी हातोडा घेतला. मी देवाचं नाव घेत उभी. निघू दे रे बाबा, एवढं निघू दे. मग कडाडून आवाज झाला. बंपर मधोमध तडकला आणि साच्याचे टवकेच्या टवके त्याला चिकटून आले. दोन्ही गेले.

"खलास, भाईसाब," मल्याळी गृहस्थ हळूच म्हणाले, "छोड़ दो. दूसरा बनाएँगे." आणि ते वर निघून गेले.

हे उकिडवे बसून टवक्यांवरून बोट फिरवत होते. "पाणी लागलंय," म्हणाले. "साय जागजागी विरघळली आहे. हे बघ, ठिपके." मग नखाने काहीतरी टोकरलं. रेझिनमध्ये रुतलेला तांदळाचा दाणा होता, बाजूला गुलाबी डाग. ह्यांनी मान वर केली. "साच्याची पूजा कुणी केली?"

त्यांच्या डोळ्यांत मी शोधलं. थट्टा नव्हती, लपवाछपवी नव्हती. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"मी," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

मग काय विचारता! कितीदा सांगितलं, त्या चादरींच्या वेळी एवढं बोललो, तरी डोक्यात शिरत नाही. सायीवर पाणी म्हणजे काय होतं, मेण ताजं असेल तर बंपर साच्याला कसा आणखी घट्ट चिकटतो, सगळं शिस्तवार समजावून सांगितलं, अगदी आजारपणाच्या आधी सांगायचे तसंच. एक शब्द चुकला नाही. मी बोलणी खात उभी होते आणि मला वेड्यासारखं बरं वाटत होतं. असेच ओरडत राहा, मी मनात म्हणत होते.

ओरडून झाल्यावर ह्यांनी हात धुतले, आत गेले आणि कपाटातून प्लँटवर घालायचा निळा बॉयलर सूट घेऊन आले. "एवढा इस्त्री करून ठेव," म्हणाले. आवाज निवळला होता. "चूक तुझी होती, काम माझं बरोबर होतं. रविवारी जातो."

तो सूट माझ्या हातात होता. त्याच्या खिशावर प्लँटचं चिन्ह शिवलेलं आहे. मला ती पाना घेतलेली माणसं दिसायला लागली. त्यांतल्या एकालाही मी कधी पाहिलेलं नाही.

"अहो, पूजा तुम्ही केलीत," मी म्हटलं.

हे हसलेच. "मी? मी साच्यावर पाणी शिंपडीन?"

"मी ताम्हण धरलं होतं. मी विचारलंसुद्धा, पाणी चालतं का. तुम्ही म्हणालात, न चालायला काय झालं."

हसू हळूहळू विरलं. "फुलं कसली होती?" ह्यांनी विचारलं. परमिटवर सही करायच्या आधी विचारत असतील तसंच.

"झेंडू."

"मी काय नेसलो होतो?"

"सोवळ्याचा कद. जांभळा."

ते भिंतीकडे बघत राहिले. आठवण्यासाठी माणूस किती जोर लावतो, ते मी त्या वेळी पाहिलं. कपाळावरची शीर फुगली होती. मला वाटलं आता भडकतील. भडकले असते तर बरं झालं असतं. पण ते खुर्चीवर बसले आणि सूट माझ्या हातातून काढून त्यांनी मांडीवर घेतला.

"माझ्या साहेबांना फोन कर," म्हणाले. "सांग, रविवारी येत नाही. का ते पण सांग."

"उद्या करू," मी म्हटलं. "आधी डॉक्टरांना विचारू."

"आत्ता कर. माझ्यासमोर कर. उद्या मी पुन्हा म्हणेन की मी बरा आहे, आणि तू माझं ऐकशील."