आईची आठ शीलं

पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला की पौर्णिमेला आमच्या बेंबळीच्या बुद्धविहारात बायका पांढऱ्या साड्या नेसून येतात आणि नेहमीच्या पाचाऐवजी आठ शीलं घेतात. त्यातलं एक शील म्हणजे दुपारनंतर जेवायचं नाही. माझ्या आईला साखरेचा आजार आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी असते. गेल्या भाद्रपद पौर्णिमेला तिनं शीलही पाळलं आणि गोळीही घेतली.

संध्याकाळी मी धाराशिवच्या शाळेत शिकवून घरी आलो, तर आई भिंतीला टेकून बसलेली. साडी घामानं अंगाला चिकटलेली, हात थरथरत होते. वस्तीतल्या वयानं सगळ्यांत थोर काकू शेजारी बसून पदरानं वारा घालत होत्या.

"गोळी घेतलीस?"

"घेतली की. डॉक्टर चुकवू नको म्हणलाय."

"आणि जेवण?"

"आज शील हाय न्हवं."

उपाशीपोटी गोळी, म्हणजे अंगातली साखर पार उतरलेली; मी साखरेचं पाणी ढवळून आणलं. तिनं तोंड फिरवलं. काकू म्हणाल्या, "पडू दे तिला जरा. मन खंबीर असलं की समदं निभतंय. शिकलास म्हणून लई घाई करू नगंस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "काकू, हाडांचा सापळा झाल्यावर ज्या बुद्धांनी उपास सोडला, खिरीची वाटी हातात घेतली, त्यांच्याच नावानं आईला उपाशी मारता व्हय? घरात दाणा नव्हता म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी उपास काय थोडे काढले? तेव्हा कुणी पुण्य दिलं त्यांना?"

"आवाज खाली कर."

"नाही करत. मी विहारातल्या दिव्याखाली दहावीचा अभ्यास करायचो तेव्हा भाकरी कोण आणायचं? तुम्हीच. काय म्हणायचात? आधी खा, मग वाच. मग हिला का नाही?"

काकूंनी माझ्या हातातून पेला ओढून घेतला आणि आईच्या ओठाला लावला. "पी गं. पाप लागलं तर मला लागंल."

आई प्यायली. पिताना रडत होती, शील मोडलं म्हणून. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

पुढं प्रवचनाला भन्ते, म्हणजे आमचे भिक्खू, आले, तेव्हा मी त्यांना विचारलं. ते सहज म्हणाले, "आजाऱ्याला औषध म्हणून साखर-गूळ केव्हाही चालतो. आणि गोळ्या घेणाऱ्यानं पाचच शीलं घ्यावीत." सहज! वर्षानुवर्षं बायकांकडून पाली गाथा घोकून घेतल्या, पण हे एवढं मराठीत सांगायला कुणाला सवड झाली नाही. अत्त दीप भव, स्वतःच स्वतःचा दिवा हो, म्हणायचं आणि दिव्यात तेल आहे का ते बघायचं नाही. त्या दिवसापासून माझा राग काकूंवरून उठला आणि विहारात माईकवर बोलणाऱ्या आम्हा शिकलेल्या सगळ्यांवर बसला. अजून उतरलेला नाही.

आश्विन पौर्णिमेला शीलं द्यायच्या आधी काकूच विहारात उभ्या राहिल्या. "गोळ्यावाल्या बाया हिकडं बसा. तुमाला पाचच."

आई तिकडं जाऊन बसली. संध्याकाळी घरी तिनं भाकरी खाल्ली, पण माझ्याकडं पाठ करून. शेवटचा घास होईपर्यंत मी गोळी हातात धरून तिच्या मागं उभा होतो.