समोरचा पाळणा

कुंदनच्या आकाशपाळण्याला आम्ही नुसतं चाक म्हणायचो. आधी ते साताऱ्याकडच्या सयाजीचं होतं. त्याचे गुडघे गेल्यावर ते जासईच्या केशरबाईंनी घेतलं आणि उरणच्या किनाऱ्यावर, जत्राजत्रांतून फिरवलं. पुढे त्यांची मुलं कंटेनर यार्डात लागली. चाक ओढायला कुणी उरलं नाही. मग ते शिरवण्याच्या नामाकाकांकडे आलं. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या तेव्हा आलेल्या पैशात त्यांच्या भावांनी इमारती बांधल्या. यांनी चाक घेतलं. "येडा हाय," भाऊ म्हणाले.

या चाकाची एक रीत होती. विकणाऱ्याने खालचा एक पाळणा आपल्या हाताने सोडायचा आणि घरच्या दारात टांगायचा. त्याच वेळी घेणाऱ्याने वर चढून बरोबर समोरचा पाळणा सोडायचा, म्हणजे तोल राहतो. मग त्या जागी दोन नवे बसवायचे. जासईला केशरबाईंच्या ओट्यावर अजून त्यांचा हिरवा पाळणा आहे. नातवंडं त्यात बसून जेवतात.

नामाकाकांना अर्धांगवायू झाला आणि चाक त्यांच्या मुलाकडे, कुंदनकडे आलं. मला तो मास्तर म्हणायचा, कारण मी मराठीत एमए केलं.

"मास्तर, एवढं वाचून कधी वर बसलास का?"

"भीती वाटते."

"मग वाचून उपयोग काय!"

दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावर नवे, विजेचे खेळ आले. जुन्या चाकाला जागा मिळेना. ते जासईच्या माळावर गंजत पडलं. शेवटी कुंदनने ते कळंबोलीच्या एका भंगारवाल्याला दिलं. घरी मात्र सांगितलं की साताऱ्याच्या माणसाने घेतलं. चाक भंगारात गेलं हे बाबांना कळू द्यायचं नव्हतं.

"दारात पाळणा दिसला की त्यांचा विश्वास बसेल," तो मला म्हणाला. "मग सुखाने झोपतील."

पुढचं मला भंगारवाल्याच्या माणसाने सांगितलं. कुंदनने त्याला वर चढून समोरचा पाळणा सोडायला सांगितलं. तो हसला. "भाऊ, भंगारात कसली रीत? गॅसने कापतो, मोकळं होऊ." तो चहाला गेला. कुंदनने खालचा पाळणा एकट्यानेच सोडला. वरची बाजू जड झाली. चाक फिरलं. पुढच्या पाळण्याची कड त्याच्या डोक्यात बसली.

तो तिथेच गेला. एकोणतीस वर्षांचा होता.

तेरावं झाल्यावर त्या माणसाने पाळणा टेम्पोतून आणून दिला. पैसे घेतले नाहीत. मी आणि गोजराकाकींनी तो ओट्यावर टांगला. काकी कुंदनची आई. त्या मग फडक्याने पाळणा पुसत राहिल्या.

नामाकाका खाटेवरून बघत होते. चाक लागून पोरगा गेला, एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यांची जीभ अजून जड आहे.

"पोरा," ते मला म्हणाले, "समोरचा पालना कोनी सोडला?"

काकींचा हात थांबला.